मास्तरांचा मंगळवार

गल्लीतल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. त्यांनी शिवलेला कोट अंगावर असा बसे, जणू अंगाबरोबरच जन्माला आलाय. मास्तर चिंधीसुद्धा वाया जाऊ देत नसत. कातरणांच्या उशा भरत, सुटी बटणं बरणीत जपत. पण दर शनिवारी बायको फ्रिज आवरायला घेई, तेव्हा त्यांचा जीव कासावीस होई. आंबलेलं दही, बुरशी धरलेला पाव, मान टाकलेल्या काकड्या, सगळ्यांची वरात कचऱ्याच्या डब्याकडे!

एका रविवारी मास्तरांनी दुकानातल्या चिठ्ठ्या घरी आणल्या. शिवायला आलेल्या कपड्याला टाचतात त्याच, कपडा कधी न्यायचा ते लिहायच्या. भिंग लावून पाकिटांवरच्या बारीक तारखा वाचल्या आणि दोऱ्यानं एकेक चिठ्ठी बांधली. टोमॅटोच्या सुपाला सोमवार, दह्याला मंगळवार, पावाला बुधवार.

"आता बघतोच काय वाया जातं ते!"

शनिवारी डबा पुन्हा काठोकाठ. चिठ्ठ्यांसकट.

"अगं, चिठ्ठी वाचली नाहीस?"

"वाचली की. दह्यावर मंगळवार होता, म्हणून शुक्रवारी काढलं."

"मंगळवारचं शुक्रवारी?"

"अहो, तीस वर्षं संसार केलाय. तुमच्या अक्षरातला मंगळवार म्हणजे कधी, हे मला कळत नाही होय? सगळ्या गल्लीला कळतं!" आणि वाडगा घासता घासता तिनं सूर धरला:

"मास्तरांचा मंगळवार उजाडतो शुक्रवारी,
गिऱ्हाईक गं बापुडं उभं दुकानाच्या दारी!"

मास्तर हसले खरे, पण मनात टाचणी रुतली. कापडाचं माप कधी सूतभर चुकलं नाही, आणि शब्दाचं माप तीन दिवसांनी ढगळ! परक्यांचं जाऊ दे. घरच्या माणसालाही आपला शब्द उसवलेलाच वाटावा?

रविवारी त्यांनी चिठ्ठ्या पुन्हा बांधल्या. बायको गालातल्या गालात हसली.

दुकानात शाळेतल्या बाईंचा निळा कोट होता, चिठ्ठीवर मंगळवार. मास्तरांनी सोमवारी गप्पांना फाटा दिला, चहाला रजा दिली, मान वर केली ती फक्त सुई ओवायला. मंगळवारी दुपारी कोट इस्त्री होऊन खुंटीवर डुलत होता.

संध्याकाळ झाली. बाई येईनात. येतील कशाला? त्यांच्याही मनात शुक्रवारच!

मास्तरांनी कोट हातावर घेतला आणि थेट बाईंचं दार वाजवलं.

"अगंबाई! मास्तर तुम्ही? कापड कमी पडलं का?"

"नाही हो. कोट तयार आहे."

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, कोट पाहिला, मग मास्तरांना नीट न्याहाळलं. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

बाईंचा फोन मास्तरांच्या आधी घरी पोचला. मास्तर दारातून आत आले, तर टेबलावर दह्याचा वाडगा, दोन चमचे, आणि बायकोच्या हातात सोडलेली चिठ्ठी.

"बसा. आजच संपवायचंय म्हणे हे," ती म्हणाली.

मास्तरांनी चमचा तोंडात घातला. दही गोड होतं, ताजं होतं. बायकोनं चिठ्ठीचा दोरा बोटाला गुंडाळला आणि हळूच गुणगुणली:

"मास्तरांचा मंगळवार मंगळवारी उजाडला,
दह्याचा गं माझ्या जीव भांड्यात पडला!"