तिसरं ‘अस्पष्ट’

डॉक्टर आणि रुग्ण यांचं बोलणं ऐकून आपोआप टिपण लिहिणारं यंत्र रुग्णालयात आलं, त्याला दीड वर्ष झालं होतं. तळमजल्यावरच्या नोंद विभागात सगळ्याजणी त्याला जावई म्हणत. तो कितीही चुकला तरी त्याला बोलायची सोय नव्हती, आणि त्याने घातलेला पसारा आवरायला घरची माणसं होतीच. ही घरची माणसं म्हणजे चार बायका, संगणकाचे चार पडदे आणि चार हेडफोन. त्यांतल्या सगळ्यात जुन्या त्या मोठ्या बाई. पूर्वी त्या डॉक्टरांचा आवाज ऐकून स्वतः टाइप करत. आता जावयाने लिहिलेलं तपासत.

एका टिपणाला चार मिनिटं. भेट पाच मिनिटांची असो की वीस, मिनिटं चारच. एवढ्यात सगळं रेकॉर्डिंग ऐकणं कुणाच्या बापाला जमलं नसतं, म्हणून लिहिलेलं वाचायचं आणि काही खटकलं तरच ऐकायचं. जिथे बोलणं कळलं नाही तिथे जावई चौकटीत ‘अस्पष्ट’ असं घालून मोकळा व्हायचा. अशा तीन चौकटी झाल्या की टिपण आपोआप डॉक्टरांकडे परत जायचं, डॉक्टर वैतागायचे आणि विभागाच्या साहेबांचा फोन यायचा. त्यामुळे खोलीत एक रीत पडली होती. दोन ‘अस्पष्ट’ ठेवायचे, तिसरं पुसायचं. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. बहुतेक वेळा तिथे खोकला असायचा, नाहीतर सरकलेली खुर्ची.

त्या मंगळवारी दुपारी प्रती द्यायच्या खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, प्रवासाने कपडे चुरगळलेले, हातात कागदांची पिशवी. ती एका रुग्णाची मुलगी होती; डॉक्टरांशी झालेल्या वडिलांच्या शेवटच्या भेटीचं टिपण तिला हवं होतं. मृत्यूचा दाखला, स्वतःचं ओळखपत्र, सगळं तिने आधीच काढून ठेवलं होतं. खिडकीवरचा कारकून जेवायला गेला होता, म्हणून मोठ्या बाई उठल्या आणि त्यांनी प्रत छापून दिली.

मुलीने ती उभ्या उभ्या वाचली. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

“रुग्ण शस्त्रक्रियेस नकार देतो. हे बाबा म्हणाले?”

“टिपणात तसं आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“टिपणात आहे ते दिसतंय हो. ते म्हणाले का?”

मग तिनेच सांगितलं. वडिलांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. ऑपरेशन करायचं की नाही, एवढंच ठरायचं होतं. भाऊ त्यांना घेऊन इथे आला होता आणि घरी गेल्यावर त्याने सगळ्यांना सांगितलं, बाबा नको म्हणाले. एकोणीस दिवसांनी ती फुटली.

“भावाशी भांडायला नाही आले मी,” ती म्हणाली. “नको असं त्यांचंच म्हणणं असेल, तर माझं काहीच म्हणणं नाही. तेवढं कळलं की मी जाते.”

टिपणाच्या तळाशी तपासणाऱ्याची आद्याक्षरं होती. ती मोठ्या बाईंचीच होती. त्यांना त्या भेटीतलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. रेकॉर्डिंग तीस दिवस राहायचं. आज सव्विसावा दिवस होता.

“बसा जरा,” त्या म्हणाल्या.

जागेवर येऊन त्यांनी हेडफोन लावला आणि अकरा मिनिटांचं ते बोलणं पहिल्यांदाच पहिल्यापासून ऐकलं. आजोबा, पोटात दुखतं का? अधूनमधून, मुलगा म्हणाला. जेवण? कमी झालंय, मुलगा म्हणाला. झोप? लागते. पडद्यावर प्रत्येक उत्तरापुढे लिहिलं होतं, रुग्ण सांगतो, रुग्ण सांगतो. बापलेकांचे आवाज मिळतेजुळते, जावयाने सगळंच बापाच्या नावावर घातलं होतं. डॉक्टरांनी धोके सांगितले, केलं तरचे आणि नाही केलं तरचेही. मग मुलगा म्हणाला, “एवढ्या वयात कशाला चिरफाड? नको, डॉक्टर. आम्ही घरी सांभाळू.” हा माणूस नीच निघाला असता तर मोठ्या बाईंना बरं वाटलं असतं. पण ‘सांभाळू’ हे तो अगदी मनापासून म्हणाला होता.

जावयाच्या मूळ मसुद्यात दिसणारी, नंतर पुसलेली तिसरी चौकट त्याच्या लगेच पुढे होती. त्यांनी आवाज पूर्ण वाढवला. पंख्याची घरघर, कागदांची सळसळ, आणि त्याखाली एक म्हातारा आवाज, अजिबात घाई नसलेला.

“अरे, मला विचारा की.”

कुणी विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यात दाखवा. खुर्च्या सरकल्या.

मोठ्या बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला, पण तो काढायचा कुणावर? इथे काहीतरी आहे एवढं तरी जावयाने लिहून ठेवलं होतं. ते पुसलं होतं त्यांनी, आणि पुसायला दोन सेकंदसुद्धा लागले नसतील.

त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “डॉक्टरांची सही झाली ना? मग विषय संपला. प्रत द्या आणि मोकळ्या व्हा. रेकॉर्डिंग नातेवाइकांना ऐकवायचं नाही, हे आता मी सांगायचं का तुम्हाला?”

“नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. मग जाऊन त्यांनी बाजूचं दार उघडलं आणि मुलीला आत बोलावलं. बाकीच्या तिघींनी आपापल्या पडद्यांत डोकं खुपसलं.

मुलीने ऐकलं. “पुन्हा लावता?” म्हणाली. तिसऱ्यांदा ऐकताना तिने डोळे मिटून घेतले. मग हेडफोन सावकाश काढून टेबलावर ठेवला.

“बाबाच,” ती म्हणाली.

“चूक माझी आहे. मी तेवढं पुसलं होतं.”

ते तिच्या कानावर गेलं की नाही, कळलं नाही. ती पडद्याकडे बघत राहिली होती.

“त्या संध्याकाळी मी फोन केला होता. दादानं उचलला. मी विचारलं, बाबांचं काय म्हणणं? तो म्हणाला, नको म्हणतात. बाबा तिथंच बसले होते हो, शेजारी. त्यांचं खाकरणं ऐकू येत होतं मला. त्यांना फोन दे, असं म्हणाले नाही मी. बरं म्हटलं आणि ठेवून दिला.”

मोठ्या बाईंनी दुरुस्तीचं पान उघडलं आणि लिहिलं, ‘नकार मुलाने दिला. रुग्ण “मला विचारा की” असे म्हणाला. त्याला विचारले गेले नाही. हा भाग तपासताना मी काढून टाकला.’ खाली आद्याक्षरं न घालता पूर्ण नाव टाकलं. डॉक्टर सही करतील की नाही, उद्या या खुर्चीवर आपण असू की नाही, हे आता त्यांच्या हातात नव्हतं. गंमत म्हणजे त्याची भीतीही वाटत नव्हती. लाज तेवढी वाटत होती, आणि ती जाईल असं दिसत नव्हतं.

“याची प्रत देते तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “भावासाठीही एक देऊ?”

मुलीने कागदांची पिशवी उचलली.

“नको,” ती म्हणाली. “दादाला नाही सहन व्हायचं.”

मोठ्या बाईंनी एकच प्रत छापली.