धाकटीच्या लग्नाचा मोठा कॅमेरा

गुरप्पाण्णांनी कॅमेरा तळहातावर घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या पुतणीच्या पिशवीत डोकावत म्हणाले, "बरं, हा सँपल झाला. आता खरा दाखव."

त्यांचं चुकलं नव्हतं. मार्केट यार्डात भुसाराची पेढी चालवणारा माणूस. मूठभर ज्वारी बघून शंभर पोत्यांचा सौदा करण्यात जन्म गेलेला. मूठभर कॅमेरा बघितल्यावर मागं पोतंभर कॅमेरा असणार, असंच त्यांना वाटणार.

"अण्णा, हाच खरा," सिद्धेश्वरी म्हणाली.

"हा?"

"हा मिररलेस आहे. आतला आरसा काढून टाकल्यामुळं लहान झालाय."

"आरसा काढला? मग दिसतं कसं त्याला?" अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं. तरी मी मान हलवली.

सिद्धेश्वरीनं मग पिशवीतनं लेन्स काढल्या. ही पंचाऐंशीची, लांब उभं राहून चेहरा जवळ घेते. ही सोळाची, एका नजरेत अख्खं कार्यालय घेते. हा गिंबल, म्हणजे तोल सांभाळणारा दांडा, चालताना चित्र हलू देत नाही. अण्णा ऐकत होते, पण त्यांची नजर पिशवीच्या तळाशी होती. अजूनही काहीतरी मोठं निघेल, अशी आशा असावी.

"हे बघ पोरी," शेवटी ते म्हणाले, "थोरलीच्या लग्नात कॅमेरा खांद्यावर होता. वर दिवा. मागं वायर धरायला वेगळा माणूस. तो आला की लोक उठून बाजूला व्हायचे. हा तुझा आला तर कोण सरकेल? उद्या धाकटी म्हणंल, थोरलीला खांद्यावरचा आणि मला खिशातला? का, तर मी लाडकी नव्हते!"

"चित्र याचंच चांगलं येतं, अण्णा."

"चित्र नंतर बघायचंय गं. कॅमेरा लग्नात दिसतोय की!"

सिद्धेश्वरीनं लेन्स परत पिशवीत भरल्या. पुण्यात दोन वर्षं शिकून आली होती. हा धडा तिथं नसावा.

आता या लग्नावर तिचं काय अडकलं होतं तेही सांगतो. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा बाप, याचं म्हणणं होतं की मुलीनं लोकांच्या लग्नात कॅमेरा घेऊन पळण्यापेक्षा तलाठ्याची परीक्षा द्यावी. बऱ्याच भांडणानंतर तो एवढ्यावर आला होता: एक लग्न कर. गुरप्पांचं कर. यार्डात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी चांगलं म्हटलं तर तुझा धंदा तू बघ. नाक मुरडलं तर परीक्षेचा फॉर्म भरायचा. फॉर्म त्यानं आधीच अर्धा भरून ठेवला होता. नाव, पत्ता, जात. सही तेवढी राहिली होती.

लबाडी सुचली ती मला. तो दोष मी पोरीवर टाकणार नाही.

सोलापुरात बाळीवेशीत माझ्या मित्राचा स्टुडिओ होता. तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या माळ्यावर एक खांद्यावरचा जुना कॅमेरा धूळ खात पडला होता. आम्ही तो उतरवला. वजन सात किलो. टेप घालायच्या जागी उंदरांनी दोन पिढ्या संसार केलेला. कॅमेरा म्हणून तो पूर्ण मेला होता, पण वरचा दिवा, नवी बॅटरी लावल्यावर, असा पेटला की मित्राची बायको शेजारच्या खोलीतनं पदर सावरत बाहेर आली.

"हा कोण धरणार?" सिद्धेश्वरीनं विचारलं.

मी निवृत्त आहे. निवृत्त माणसाला वेळ असतो, असा एक समज आहे.

होटगी रोडवरचं कार्यालय, मे महिना, आठशे पाहुणे. सात किलोचा मेलेला कॅमेरा खांद्यावर घेऊन मी दारातनं आत शिरलो आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच गर्दी दुभंगली. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली, तिथं शिपाईसुद्धा कधी सरकला नाही. इथं वकील सरकले, डॉक्टर सरकले, एक माजी नगरसेवक खुर्चीसकट सरकला. वाढपी पंगत सोडून माझ्यासाठी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, घेऊन आला. वर तूप सोडलं. "साहेब, आमाला बी घ्या की जरा," म्हणाला. मी त्याच्यावर दिवा टाकला. तो धन्य झाला.

दिव्याचा गुण विलक्षण होता. तो ज्याच्यावर पडे त्याचं हसणं थांबे, मान ताठ होई, हात मांडीवर जात. बायका बोलता बोलता गप्प होऊन नथ सरळ करत. दिवा पुढं सरकला की ती माणसं सैल पडत, आणि नेमकी तेव्हा ती बघण्यासारखी होत. सिद्धेश्वरी माझ्यापासून वीस पावलांवर, खांबाच्या आड, पंचाऐंशीची लेन्स लावून उभी. तिला कोणी विचारत नव्हतं. एका बाईनं तिला पाहुण्यांपैकी समजून कडेवर मूल दिलं. ते एका हातात घेऊन तिनं दुसऱ्या हातानं चित्रण केलं.

गुरप्पाण्णा मात्र दिवसभर माझ्या दिव्याच्या बरोबर समोर. अक्षता पडताना, आहेर घेताना, व्याह्याला मिठी मारताना, प्रत्येक वेळी आधी माझ्याकडं बघून, "घेतलं का?"

"घेतलं," मी म्हणे.

संकट आलं ते नवऱ्या मुलाच्या आत्याच्या रूपानं. सावित्रम्मा, अक्कलकोटच्या. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"येन्री, काय हो, मी नवरीला पाटल्या घातल्या तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"जेवत होतो, अम्मा."

"मग परत घालते. या हिकडं."

नवरीच्या हातातनं पाटल्या काढल्या गेल्या आणि पुन्हा घातल्या गेल्या. काढताना त्या अडकल्या, म्हणून साबण आला. मी सगळ्यावर दिवा धरून होतो.

"आता दाखवा," सावित्रम्मा म्हणाल्या.

"काय?"

"आत्ता घेतलं ते. माझा नातू मोबाइलवर घेतो तर लगेच दाखवतो."

भोवती पंचवीसेक माणसं जमली. गुरप्पाण्णाही आले. खांबाआड सिद्धेश्वरीचा चेहरा पांढरा पडलेला मला दिसला. मी खांदा बदलला, घाम पुसला आणि शांतपणे म्हणालो, "अम्मा, मोबाइल घेतो पण आणि दाखवतो पण. हा मोठा कॅमेरा आहे. हा फक्त घेतो."

मग गुरप्पाण्णांनी अभिमानानं चहूकडं पाहिलं. "ऐकलं का? दाखवत नाही म्हणे!"

सावित्रम्मांनीही मान डोलावली. असा कॅमेरा आपल्याकडच्या लग्नात नव्हता, हे त्यांना लागलं असावं.

तीन आठवड्यांनी फिल्म तयार झाली. सिद्धेश्वरीनं ती अण्णांच्या घरच्या टीव्हीला जोडली. बघायला अण्णा, त्यांच्या पत्नी बसम्मा, आणि आम्ही दोघं. माझा भाऊ आला नव्हता, पण त्यानं दोनदा फोन करून "काय म्हणाले?" असं विचारलं होतं, तोवर टीव्हीसुद्धा लागला नव्हता.

फिल्म सुरू झाली. पहिलं वाक्य अण्णांचंच आलं.

"मागची माणसं का पुसलीस?"

"पुसली नाहीत अण्णा. लेन्सनं मागचं धूसर केलंय. समोरचा चेहरा उठून दिसावा म्हणून."

"अगं, जेवायला घातलंय त्यांना! आठशे पानं उठली. आणि इथं तर आमच्या पोरीचं लग्न धुक्यात लागलंय."

"गप बसा की वो," बसम्मा म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला होता.

त्यांची बहीण पडद्यावर पदरात तोंड घालून हसत होती. धाकटी भुवनेश्वरी बोहल्यावर चढायच्या आधी दाराच्या फटीतनं नवऱ्याला बघत होती. दोन म्हातारे व्याही कोपऱ्यात बसून एकमेकांची कवळी कुठं बनवली ते विचारत होते. यातलं कोणीच कॅमेऱ्याकडं बघत नव्हतं, कारण सगळे माझ्याकडं बघून थकून गेले होते.

मग निरोपाची वेळ आली. मला आठवत होतं: अण्णा माझ्या दिव्यासमोर छाती काढून उभे होते, डोळा कोरडा. "घेतलं का?" विचारलं, मी "घेतलं" म्हणालो आणि गाडीकडं वळलो. पुढचं मी पाहिलं नव्हतं. पडद्यावर आता ते दिसलं. दिवा वळला आणि अण्णा जिन्याखाली गेले. तिथं चपलांचा ढीग होता. ते खाली बसले, भुवनेश्वरीची माहेरची जुनी चप्पल शोधून काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली. पोरगी नवी घालून गेली होती. ही कोणी पोचवायची म्हणून ते इकडंतिकडं बघायला लागले, आणि तसेच, चप्पल छातीशी धरून, लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले.

बसम्मा म्हणाल्या, "हे मला बोलला नाहीत तुम्ही."

अण्णांनी घसा साफ केला. "हे त्या मोठ्या कॅमेऱ्यानं घेतलं?"

मी सिद्धेश्वरीकडं बघितलं. एक "हो" म्हटलं की फॉर्मवर सही करायची वेळ टळणार होती. मी ते म्हणायला तोंडही उघडलं होतं.

"नाही, अण्णा," ती म्हणाली. "लहान्यानं. मोठा बंद होता. पहिल्यापासनं. त्यात उंदीर होते."

अण्णांना हे समजायला वेळ लागला. ते उठून उभे राहिले.

"म्हणजे मी दिवसभर छाती काढून उभा राहिलो ते उंदरांसमोर?"

"उंदीर आधी काढले होते," मी म्हणालो. मला वाटलं, एवढं तरी त्यांना बरं वाटेल.

ते खिडकीपाशी गेले. पाठमोरे उभे राहिले. बसम्मांनी रिमोट उचलला, मागं नेलं, आणि जिन्याखालचं पुन्हा लावलं. अण्णा न वळता म्हणाले, "परत कशाला लावालीस?" पण आवाज ऐकून वळले, आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत बघितलं.

मग बसले. व्यापाऱ्याचा चेहरा हळूहळू परत आला.

"पोरी, हे चांगलं आहे. लई चांगलं आहे. पण हे यार्डात दाखवता यायचं नाही. उद्या सौद्याला बसलो तर समोरचा म्हणंल, हा चप्पल धरून रडणारा. ही बघायची झाली. दाखवायची एक वेगळी कर."

"वेगळी म्हणजे?"

"मला ताठ दाखव. पाहुणे पुसू नकोस."

त्यापुढच्या रविवारी धाकटी जावयासह माहेरी आली, आणि पेढीच्या मागच्या गच्चीवर मांडव घालून लग्नातला महत्त्वाचा भाग पुन्हा झाला. पाहुणे शंभरच, पण सिद्धेश्वरीनं सोळाची लेन्स लावली, तिच्यातनं गच्ची मैदानासारखी दिसली आणि शंभराचे तीनशे वाटले. त्या लेन्समध्ये कडेला उभा राहील तो आडवा पसरतो. पहिल्या खेपेला सावित्रम्मा कडेला होत्या. पडद्यावर स्वतःला बघून त्यांनी जे कानडीत म्हटलं ते मला कोणी मराठीत सांगितलं नाही. मग त्यांना मधे आणलं आणि कडेला अण्णांच्या दुकानातले हमाल उभे केले. तेही सुखी दिसले.

मी होतोच. अण्णांनी स्वतः निरोप पाठवला होता: मोठा घेऊनच या. लोक मोठ्याकडं बघतील, लहान्यानं घ्यावं. सिद्धेश्वरीनं तिचा कॅमेरा माझ्या मेलेल्या कॅमेऱ्याच्या पाठीवर पट्ट्यानं आवळून बसवला. वजन साडेसात किलो झालं. सगळे ताठ बसले, सगळ्यांनी समोर बघितलं, कोणी हसलं नाही. अण्णांच्या मते फिल्म उत्तम झाली.

ती यार्डात दाखवली गेली, व्याह्यांकडं गेली, थोरलीच्या सासरी गेली. बघणारा प्रत्येक जण मागची माणसं ओळखून काढी आणि समाधानानं चहा पिई. गुरप्पाण्णांनी चांगलं म्हटलं. चारचौघांत म्हटलं. भावानं फॉर्म कपाटात ठेवला. फाडला नाही, तो फाडणाऱ्यांतला नाही.

बघायची फिल्म मात्र अण्णांच्या तिजोरीत होती. म्हणजे तिथं आहे असं अण्णा समजत होते. बसम्मांनी ती बहिणीला दाखवली, कुणाला सांगायचं नाही या अटीवर. बहिणीनं त्याच अटीवर नणंदेला. पंधरा दिवसांत यार्डातल्या निम्म्या घरांतल्या बायकांनी अण्णांना चप्पल पुसताना पाहिलं होतं, आणि त्यांचे नवरे ताठ अण्णांची तारीफ करत फिरत होते.

आता सिद्धेश्वरीकडं अकरा लग्नं आहेत. बोलणी करायला नवरामाणूस येतो, कॅमेरा केवढा ते विचारतो, मी माळ्यावरनं तो उतरवून दाखवतो, काम पक्कं होतं. तो जिना उतरला की मागं राहिलेली बायको हळूच म्हणते, "आणि ती दुसरी पण करा हं. ती, जिन्याखालची."

अडचण एकच आहे. येत्या मेमध्ये एका मुहूर्तावर दोन लग्नं आहेत. लहान कॅमेरा दुसरा घेणं सोपं आहे, दुकानात रांगेनं मांडलेत, पंचाऐंशीची लेन्सही मिळते. पण खांद्यावरचा, सात किलोचा, कोणी 'दाखवा' म्हटलं तरी काही दाखवू न शकणारा, पूर्ण मेलेला? गेला महिनाभर मी सोलापुरातले जुने स्टुडिओ धुंडाळतोय. काल एक सापडला. मालकानं धूळ झटकली, बटण दाबलं, आणि दुर्दैवानं तो चालू निघाला.