मिनिटाला बारा फेऱ्या

मित्रांनो, मी धातू कापणारी एक जुनी बँडसॉ आहे. माझ्याजवळून जाताना मुलं हात पाठीमागे घेतात. त्यांना मी भयंकर वाटते. खरं सांगायचं तर भिते ती मीच. बटण दाबलं जातं त्या क्षणी मला माहीत नसतं, की आज मला कोणत्या वेगाने पळवणार आहेत आणि पुढ्यात कोणता धातू ठेवला आहे. हे दोन्ही जुळलं नाही, तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

माझी घडण साधी आहे. ओतीव लोखंडाची दोन चाकं आणि त्यांच्यावर ताणून बसवलेलं दातेरी पातं. त्याची दोन्ही टोकं जोडून वेढं केलेलं असतं. ते वेढं बरोबर एक मीटर चौसष्ट सेंटिमीटर लांब आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. मागच्या झाकणाखाली पायऱ्यांच्या दोन पुल्या आहेत आणि त्यांच्यावर एक रबरी पट्टा. पट्टा या पायरीवरून त्या पायरीवर सरकवला की माझा वेग बदलतो. मला चार वेग आहेत. मिनिटाला वीस मीटर, तीस, पन्नास आणि बहात्तर. अॅल्युमिनियम मऊ असतं, त्याला बहात्तर चालतो. साध्या लोखंडाला तीस. स्टेनलेस स्टीलला मात्र वीसच. ते घासलं की जास्तच कडक होतं, आणि वेग वाढवला तर त्याची उष्णता माझ्या दातांत शिरते. हे सगळं माझ्या झाकणावरच्या पत्र्याच्या तक्त्यावर कोरलेलं होतं.

माझ्या दुसऱ्याच वर्षी एका घाईच्या माणसाने कडक पोलाद सर्वांत वरच्या वेगाला लावलं. आधी एक दात गेला. मागचा दात त्या खाचेत अडकला, तोही गेला. मग ओळीने सगळे गेले, पातं तुटलं आणि ताणलेलं असल्यामुळे सुटून भिंतीवर आपटलं. प्लास्टरवर वीतभर ओरखडा उठला. तिथे त्या वेळी कुणी उभं नव्हतं, एवढंच. तो ओरखडा अजून माझ्या समोर आहे. मी रोज त्याच्याकडे बघते.

नंतर ती शेड माझ्यासकट एका भावाबहिणीने घेतली. थोरला भाऊ कापायचा, धाकटी बहीण वेल्डिंग करायची. ती त्याला दादा म्हणायची, म्हणून गिऱ्हाइकंही दादाच म्हणू लागली. या दादाने तक्ता कधी वाचला नाही. तो माझा आवाज ऐकायचा. वेग बरोबर असला की मी झोपलेल्या माणसासारखी संथ घरघर करते. वेग जास्त झाला की किंचाळते. दोन सेकंदांत त्याचा हात बटणावर जायचा. पाहुण्यांना तो ऐटीत म्हणायचा, की तक्ता वाचायला ही काय परकी आहे, हिला काय हवं ते ही मला सांगते. मला ते ऐकून फार बरं वाटायचं. त्या काळात माझी भीती जवळजवळ गेली होती. तक्त्यावर तेलाचा आणि काजळीचा थर बसत गेला आणि त्याची कुणाला आठवणही राहिली नाही.

सव्वीस वर्षं मी आणि शेजारचा ग्राइंडर त्याच्या कानाशी ओरडत होतो. त्याने कानावर कधी काही घातलं नाही. घातलं असतं तर मला ऐकणार कसा?

मित्रांनो, सतत गोंगाटात राहिलेल्या कानातून आधी बारीक, उंच आवाज जातात. जाड आवाज बराच काळ उरतात. म्हणजे माझी घरघर त्याला ऐकू येत राहिली आणि किंचाळी ऐकू येईनाशी झाली. मी सुखात आहे की संकटात, त्याला सारखंच वाटू लागलं. हे सर्वांत आधी मला कळलं आणि मला ते कुणाला सांगता येईना. माझ्याजवळ भाषा होती ती एकच, आणि तीच त्याच्या कानांतून गेली होती.

त्यालाही कळलं असणार. कारण त्याने एक युक्ती शोधली. कुणी काही बोललं की तो मान डोलवायचा. बहीण हसून सगळ्यांना सांगायची, "आमच्या दादाला माणसांचं ऐकू येत नाही, मशीनचं तेवढं येतं." लोक हसायचे, तोही हसायचा. त्या विनोदाआड तो दोन वर्षं लपला. ती दोन वर्षं मी रोज सकाळी घाबरत सुरू झाले.

आमच्या शेडचा एक नियम होता. काम संपलं की पट्टा वीसच्या पायरीवर आणून ठेवायचा. एका दुपारी बहिणीने अॅल्युमिनियमच्या नळ्या कापल्या, आणि टेम्पो आला म्हणून ती घाईने बाहेर गेली. जाता जाता तिने सांगितलं, की पट्टा बहात्तरवरच आहे, बदलून घे. ती त्याच्या मागून बोलली. तिचे ओठ त्याला दिसले नाहीत. तरी त्याने सवयीने मान डोलवली.

ती मान मी पाहिली. तिनेही पाहिली आणि निश्चिंत मनाने निघून गेली.

त्याने शिकंज्यात मनगटाएवढा जाड स्टेनलेसचा दांडा आवळला आणि बटण दाबलं. पहिल्याच स्पर्शाला मी किंचाळले. तो शांत होता. दांड्याशी माझे दात निळे पडू लागले. एक गेला. दुसरा गेला. धूर निघाला, पण वेल्डिंगच्या त्या शेडमध्ये धूर नवा नव्हता. मी जितकं ओरडता येईल तितकं ओरडले. तो सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत होता. काप किती खोल गेला ते बघायला तो उघड्या डोळ्यांनी वाकला. त्याचं तोंड माझ्या पात्याच्या पातळीला आलं. त्याच्या मागे भिंतीवर तो जुना ओरखडा होता.

बाहेरून बहिणीच्या हाका आल्या. एक, दोन, तीन. मग ती धावत आली आणि तिने मेन स्विच खाली ओढला.

मी थांबले. तो सरळ झाला, चष्मा लावला आणि म्हणाला, "वीज गेली वाटतं. छान चालली होती."

बहिणीने माझ्या पात्याकडे पाहिलं. वीतभर जागेत एकही दात उरला नव्हता. वळसा घालून ती त्याच्या समोर आली आणि तिने हळू आवाजात विचारलं, "कधीपासून, दादा?"

त्याने आधी पात्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो म्हणाला, "मला इथून उठवू नकोस. मला दुसरं काही येत नाही."

तेव्हा मला समजलं, की या शेडमध्ये इतकी वर्षं घाबरणारी मी एकटी नव्हते.

रॉकेल आणि चिंधी घेऊन ती माझं झाकण पुसायला बसली. थर निघाला तसा तक्ता दिसू लागला, पण निम्मे आकडे झिजून गेले होते. ती म्हणाली, "ही पायरी वीसची की तीसची, हे आता कसं ओळखायचं?"

त्याने नवं पातं चढवलं, त्यावर खडूची एक खूण केली आणि पुढ्यात काही न ठेवता मला सुरू केलं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तो खूण मोजू लागला. मिनिटाला बारा फेऱ्या. बारा वेळा एक मीटर चौसष्ट, म्हणजे जवळपास वीस मीटर. पुढच्या पायरीला अठरा फेऱ्या, म्हणजे तीस. तो बोलत गेला, ती पांढऱ्या रंगाने आकडे लिहीत गेली. लिहून झाल्यावर ती म्हणाली, "कोण उठवतंय तुला? फक्त यापुढे मान डोलवायची नाही. मशीन बंद करायचं, झाकण उघडायचं आणि पट्ट्यावर बोट ठेवून मला दाखवायचं."

पुढच्या आठवड्यात ती त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गेलेलं परत येणार नव्हतं, उरलेलं राखता येणार होतं. आता दोघांच्याही कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या असतात. त्यांच्यातून माझी किंचाळी तिलाही नीटशी ऐकू येत नाही. म्हणून ती दोघं कापताना पडणारा धातूचा कीस बघतात. चांदीसारखा, कुरळा कीस पडला तर ठीक. निळा दिसला तर लगेच बंद.

मित्रांनो, यंत्रावरचा तक्ता पुसून स्वच्छ ठेवा, तो वाचा, आणि कान झाकून काम करा. तुमच्या घरात कुणी सगळ्यालाच मान डोलवत असेल, तर हसून सोडून देऊ नका. समोर जाऊन उभे राहा आणि विचारा.

मी अजूनही घाबरते. रोज सकाळी तो झाकण उघडतो, पट्ट्यावर बोट ठेवून बहिणीला दाखवतो, पात्यावर खडूची खूण करतो आणि बटण दाबतो. मी फिरू लागते आणि त्याच्याबरोबर मोजू लागते. नऊ, दहा, अकरा, बारा. मग तो बहिणीकडे बघून मान डोलवतो, आणि माझा दात दांड्याला लागतो.