हद्दीअलीकडचं शेवटचं घर

“आज कुठला?” ड्वेनने मान वर न करता विचारलं. त्याच्या मांडीवर चेनसॉ आडवा पडला होता आणि तो कानशीने त्याचा एकेक दात घासत होता.

“डोंगरापलीकडचा. दोघी बहिणी आहेत. पियानो त्यांच्याहून म्हातारा.” मार्लीनने पिशवीतून पिस्तूल काढलं, मॅगझीन वेगळं केलं, आत गोळी राहिली नाही ना ते पाहिलं आणि सगळं भिंतीला ठोकलेल्या लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली जॅकीटच्या आतल्या खिशात टाकली.

“कॉफी आहे,” ड्वेन म्हणाला.

“कधीची?”

“आजचीच. बहुतेक.”

तिने अर्धा कप ओतून घेतला आणि उभ्याउभ्याच प्यायला सुरुवात केली. गॅरेजच्या दारातून रस्ता दिसत होता आणि रस्त्याच्या टोकाला ती हिरवी पाटी. पाटीच्या अलीकडे पेनसिल्व्हेनिया, पलीकडे न्यू यॉर्क. दोन्हीकडे तीच मक्याची शेतं, त्याच गायी. फरक एवढाच, की अलीकडे मार्लीनच्या पिशवीतल्या पिस्तुलाला शेरीफचा परवाना होता आणि पलीकडे त्याच पिस्तुलासाठी तिला तुरुंगात जावं लागलं असतं.

मार्लीन हुडॅक पियानो सुरात लावून द्यायची. वडलांकडून तिने ही विद्या घेतली होती आणि साठीला आल्यावरही आसपासच्या सात-आठ गावांत दुसरं कोणी हे काम करत नव्हतं. कोणी फोन करायचं, पत्ता सांगायचं आणि ती अवजारांची पिशवी घेऊन एकटीच निघायची. अनोळखी घरं, चर्चची तळघरं, सुट्टीतल्या रिकाम्या शाळा. फार वर्षांपूर्वी असंच एका घरी काहीतरी घडलं. त्यानंतर महिनाभर ती कामाला गेलीच नाही. मग एक दिवस शेरीफच्या कचेरीत जाऊन तिने परवान्याचा अर्ज केला, पिस्तूल घेतलं, गावाबाहेरच्या मैदानावर जाऊन ते चालवायला शिकली आणि पुन्हा कामाला लागली. पिस्तूल तिने कधी कोणावर रोखलं नव्हतं. पिशवीत ते आहे म्हटल्यावर हात थरथरत नसत, आणि हात थरथरले की पियानो लागत नाही.

अडचण एकच होती. निम्मी गिऱ्हाइकं हद्दीपलीकडची होती.

तिने खटपट केली नव्हती असं नाही. मुलगी ओहायोत राहायची. तिकडे जाताना कोणी काही विचारत नसे. पश्चिम व्हर्जिनियातही चालायचं. मेरिलँडमध्ये नाही, न्यू जर्सीत नाही आणि न्यू यॉर्कमध्ये तर मुळीच नाही. पलीकडच्या एका काउंटीत तिने फोन करून विचारलं, तेव्हा म्हणाले, इथे राहत असाल तरच अर्ज करा. शेजारच्या काउंटीतले म्हणाले, इथे धंदा असेल तर बघू, पण आमच्या न्यायाधीशांना ते आवडत नाही. तिसरीकडे कोणी फोनच उचलला नाही.

म्हणून ड्वेनचं गॅरेज. हद्दीअलीकडचं शेवटचं घर त्याचं होतं. त्याच घरात ती बावीस वर्षं त्याची बायको म्हणून राहिली होती.

घटस्फोट झाला तेव्हा गावात कोणालाच कारण कळलं नाही. ड्वेन सिक्लर दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, दुसरी बाई नव्हती. तो फक्त बोलत नव्हता. विचारतही नव्हता. मार्लीन एक दिवस तिच्या बहिणीच्या घरी राहायला गेली आणि तिथेच राहिली. पुढची काही वर्षं दुकानात भेट झाली तर दोघं हवापाण्याचं बोलत. पलीकडच्या कामाच्या दिवशी ती तोवर पिस्तूल घरीच ठेवून जायची, पण मग एकाच दिवशी दोन्हीकडची कामं येऊ लागली. तिने फोन केला, “तुझ्या गॅरेजात एक पेटी ठोकू का? किल्ली माझ्याकडे राहील.” तो म्हणाला, “ठोक.” ती येईपर्यंत पेटी त्याने स्वतःच ठोकून ठेवली होती.

आणि गंमत अशी, की बावीस वर्षांत जेवढं बोलणं झालं नव्हतं तेवढं त्या पेटीपाशी होऊ लागलं. थोडंथोडंच. आज कुठला पियानो, उद्या कुठला, पलीकडच्या पुलाचं काम कुठवर आलं.

“म्हणजे बघ,” ती एकदा म्हणाली होती, “तुझ्या टपालपेटीपाशी मी भली बाई आणि त्या पाटीपाशी गुन्हेगार. मधे तुझी फक्त भोपळ्याची बाग.”

“भोपळेही यंदा धड आले नाहीत,” ड्वेन म्हणाला होता.

ऑक्टोबरात ती गोष्ट घडली. ड्वेनच्या घरापुढचा रस्ता डांबरासाठी बंद होता म्हणून मार्लीन वरच्या डोंगररस्त्याने फिरून गेली. फाटे नवे, पाट्या वाकड्या, त्यात धुकं. पलीकडच्या गावातल्या चर्चमध्ये पोचायला उशीर झाला. तळघरातल्या पियानोचं झाकण उघडून, मधल्या तारा लावून झाल्या आणि तारांमध्ये खुपसायची लोकरी फेल्टची पट्टी काढायला तिने पिशवीत हात घातला. हाताला पिस्तूल लागलं.

ती तशीच स्टुलावर बसून राहिली. वर कोणीतरी बायका सूप रांधत होत्या, कांद्याचा वास खाली येत होता. भरलेलं पिस्तूल, न्यू यॉर्क राज्य, चर्च. तिचे दोन्ही हात थरथरू लागले. ज्या वस्तूने इतकी वर्षं हात स्थिर ठेवले होते, तीच वस्तू आज ते हलवत होती.

तिने जिन्याखाली जाऊन ड्वेनला फोन लावला. “माझं सामान माझ्याकडेच राहिलंय.”

“कसलं सामान?”

“ड्वेन. सामान.”

पलीकडे कानशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “कुठेयस?”

“मेथडिस्ट चर्च. पोलिसांना स्वतःहून सांगू का? चूक झाली म्हणून?”

“चूक झाली म्हणून ते तुला केक देणार नाहीत. थांब तिथेच. येतो.”

“येऊन काय करशील? तू हातात घेतलंस तर तूही आत जाशील.”

“हात कोण लावतंय. तू काम संपव. अर्धवट सोडून निघालीस तर बायकांना शंका यायची.”

तिने काम संपवलं. कसं, ते तिलाच माहीत. वरच्या बायकांनी सूपचा डबा हातात दिला, तिने हसून आभार मानले आणि बाहेर आली. ड्वेनचा जुना गंजका पिकअप चर्चसमोर उभा होता. ती जवळ गेली तेव्हा त्याने काच खाली केली.

“गोळ्या काढून सगळं डिकीत कुलूपबंद कर. त्याने इकडचा कायदा बदलत नाही, पण तुझं तुला बरं वाटेल. मग सरळ हायवेने चल. वेग पाटीवर लिहिलाय तेवढाच ठेव. मी मागे आहे.”

“पोलीस आला तर?”

“तू थांबू नकोस. तो मला थांबवेल.”

“तुला कशाला थांबवेल?”

“चल आता. आणि सूप सांडू नकोस.”

ती निघाली. आरशात त्याचा पिकअप दिसत होता, इतका जवळ की बंपरवरची गंजाची भोकं मोजता आली असती. गावाच्या टोकाला पोलिसांची गाडी लागली. ती त्यांच्यामागे वळली. मार्लीनने दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं. बराच वेळ तिघं एकामागोमाग एक चालले होते, जणू एखाद्या अंत्ययात्रेत. मग आरशात लाल-निळे दिवे पेटले.

तिचा पाय आपोआप ब्रेककडे गेला. पण मागचा पिकअप आधीच डाव्या-उजव्या दिव्यांची उघडझाप करत रस्त्याच्या कडेला लागला होता आणि पोलिसांची गाडी त्याच्यामागे थांबली होती. मार्लीन पुढे गेली. धान्याचं गोदाम मागे पडलं, नदीवरचा पूल मागे पडला, हिरवी पाटी मागे पडली. ड्वेनच्या गॅरेजजवळ आता डांबर टाकून झालं होतं. तिने गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि चाकावर डोकं टेकून बसून राहिली.

ड्वेन आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. हातात दंडाची पावती.

“मागचा दिवा गेलाय म्हणे,” तो म्हणाला.

“तुला ठाऊक नव्हतं?”

“मार्चपासून ठाऊक आहे.”

तिला हसू आलं आणि ते थांबेना. हसता हसता डोळे पुसायची वेळ आली. ड्वेनने सूप गॅरेजातल्या शेगडीवर ठेवलं, करवतीच्या साखळ्या खुर्चीवरून उचलून जमिनीवर टाकल्या आणि ती खुर्ची तिच्याकडे सरकवली. सूप गरम झाल्यावर त्याने एक वाटी भरून तिला दिली. मग तो शेगडीकडेच बघत म्हणाला, “त्या घरी काय झालं होतं गं?”

“कुठल्या घरी?”

“ज्याच्यामुळे हे पिस्तूल आलं. तू त्या दिवशी सांगायला लागली होतीस. मी म्हटलं, तुला काही लागलं तर नाही ना. तू नाही म्हणालीस. मी टीव्ही बघायला बसलो.”

मार्लीनने वाटी खाली ठेवली. त्याला ते आठवत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

“त्या घरात पियानो नव्हताच,” ती म्हणाली.

ड्वेनने शेगडी बंद केली.

“तो म्हणाला, पियानो तळघरात आहे. मी खाली गेले. खाली फक्त फळ्या आणि एक गादी. तो जिन्याच्या पायरीवर उभा राहिला. दांडगा नव्हता काही, माझ्याएवढाच. हसत होता. मी म्हटलं, माझं एक अवजार गाडीत राहिलं. तो म्हणाला, कसलं अवजार? मी त्याला सांगत बसले, ड्वेन. पियानोच्या खुंट्या पिळायची किल्ली कशी असते, तार कशी ताणतात. बोलत राहिले आणि बोलता बोलता कोळसा टाकायच्या खिडकीपाशी सरकले. तिच्यातून वर चढून बाहेर पडले, अंगावरचा कोट तिथेच खिळ्याला अडकून राहिला. मक्यातून पळत आले. गाडी आणायला दुसऱ्या दिवशी पोलिसांबरोबर गेले. घर रिकामं.”

“तो निळा कोट,” ड्वेन म्हणाला.

“तोच.”

“मी तुला म्हटलं होतं, कोट कुठे हरवलास.”

“हो. म्हटलं होतंस.”

मग त्याने तिची वाटी पुन्हा भरली.

त्या हिवाळ्यात गावात बातमी आली, की कोर्टाचे निकाल बदललेत आणि पलीकडच्या काउंट्या आता बाहेरच्यांचेही अर्ज घेऊ लागल्यात. ड्वेननेच तिला सांगितलं. सांगताना तो कारण नसताना हातोडीचा दांडा पुसत होता. मार्लीन एका मंगळवारी तिकडच्या कचेरीत गेली. खिडकीपाशी एक तरुण मुलगी होती, बोलायला लाघवी.

“शिकवणीचे दोन दिवस करावे लागतील मॅडम, आणि ओळखीच्या चार माणसांची नावं. मग काही महिने थांबायचं. काम काय करता?”

“पियानो लावते.”

“अय्या, छान. कुठे कुठे?”

“शाळांत.”

“शाळेत नाही चालायचं.”

“लायब्ररीत एक आहे.”

“लायब्ररीतही नाही.”

“नाटकाच्या थिएटरात? दोन बारमध्ये?”

मुलीने ओशाळून मान हलवली.

“चर्चमध्ये?”

“चर्चचे नियम बदलतायत, कोर्टात बदलतायत, मला विचाराल तर नेऊ नका. तिथे असताना गाडीत कुलपात ठेवायचं.”

“लोकांच्या घरी?”

“घरमालकाला आधी विचारलेलं बरं. त्याचंही कोर्टात चालू आहे.”

“म्हणजे रस्त्यावर चालेल,” मार्लीन म्हणाली, “पण रस्त्यावर पियानो नसतात.”

मुलगी मनापासून हसली, मार्लीनही हसली. तिने अर्ज परत खिडकीत ठेवला, त्या मुलीला दिवस चांगला जावो म्हटलं आणि तिथून एका शिक्षकाच्या घरी पियानो लावायला गेली. रस्ता अनोळखी होता, घर एकाकी. काम संपत आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्या पिशवीत पिस्तूल नाही आणि तरी हात स्थिर आहेत. आजच नाही, हद्दीच्या या बाजूला गेली कित्येक वर्षं ते तसेच होते. तिने त्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. इकडे आपण कशाच्या जोरावर येत होतो, याचा तिने थोडा विचार केला. मग शेवटचा स्वर पुन्हा एकदा वाजवून पाहिला आणि झाकण लावलं.

“मग? घेणार परवाना?” परत आल्यावर ड्वेनने विचारलं.

“नाही. तुझी पेटी बरी.”

“बरं,” तो म्हणाला, आणि हातोडीचा दांडा खाली ठेवला.

मार्चमध्ये रात्री गोठायला आणि दिवसा वितळायला लागलं, तशी मेपलच्या झाडांना गोड रस गोळा करायच्या बादल्या लागल्या. एका रविवारी मार्लीन ड्वेनच्या घरी आली. रविवारी पलीकडे काम नसतं. पिस्तूल तिच्या पिशवीतच होतं. तिथे त्याला कोणाची हरकत नव्हती. ड्वेन गॅरेजमागे लांबलचक पत्र्याच्या कढईत पाकासाठी तो रस उकळत उभा होता आणि वाफेमुळे त्याचा चष्मा पांढरा झाला होता. त्याने तो काढून कोण आलंय ते पाहिलं. का आलीस, असं त्याने विचारलं नाही. फेस काढायची झारी तिच्या हातात दिली आणि स्वतः लाकडं आणायला वळला.

“किती वेळ लागेल याला?” तिने विचारलं.

“दिवसभर. कधीकधी जास्त.”

“बरं,” मार्लीन म्हणाली. तिने जॅकीट काढून कुंपणावर टाकलं, बाह्या वर केल्या आणि कढईतला पहिला फेस अलगद बाजूला सारला.