राष्ट्रपतींच्या सहायकाचा बंदगळा कोट

मी सुकलालचा कोट बोलतोय. काळा, बंदगळ्याचा. आधी नीट ऐका, मग हसायचं तर हसा.

बऱ्हाणपुरातल्या शनवारा पेठेतल्या शालिग्राम शिंप्यानं मला शिवलं. सुकलालला दिल्लीत राष्ट्रपतींचा सहायक म्हणून बोलावणं आलं होतं. "गळपट्टीत बकरम जाडच घालतो," शालिग्राम म्हणाला, "मान खाली जायला नको गड्या!" नाहीच गेली. तिथंच सगळं बिघडलं.

कुणाला आत सोडायचं, कुणाला बाहेर बसवून ठेवायचं, हे सुकलाल ठरवायचा. मोठमोठे लोक माझ्या बटणांकडे बघून हळू बोलायचे. माणसं नमस्कार करतात कोटाला, अन् कोटातल्याला वाटतं, तो आपल्यालाच आहे.

एका दिवाळीत त्याला सुटी मिळाली नाही. म्हणून इच्छापूरहून त्याची थोरली बहीण मालूबाई भाऊबिजेला दिल्लीत आली. फाटकाशी उभी, हातात दराब्याचा डबा. दराबा म्हणजे आमच्या बऱ्हाणपूरची रव्यातुपाची मिठाई. सुकलाल लगबगीनं आला. रोज येणारा जो तो साहेबांसाठीच काहीबाही आणायचा ना! सवयीनं बोलून गेला, "साहेब बाहेरचं खात नाहीत, ताई. परत ने."

मालूबाई बघतच राहिली. "तुझ्या साहेबाला कोण विचारतंय रे?" म्हणाली, अन् तशीच माघारी फिरली. त्याला चूक उमगली, तेवढ्यात आतून बोलावणं आलं. बहिणीमागे धावायचं सोडून तो आत पळाला. पुढं तिनं त्याला ओवाळलं नाही, की त्याचा फोन घेतला नाही.

साहेबांची मुदत संपली. सुकलाल शनवाऱ्यात परतला. भेटीला कुणी येईना. यंदा भाऊबिजेला मला अंगात चढवून तो इच्छापूरला निघाला.

"अहो, एवढ्या उन्हात कोट कशाला?" त्याची बायको कमल ओरडली. त्यानं माझं वरचं बटणही लावलं. माझ्याशिवाय त्याला ताठ उभंच राहता येत नव्हतं.

मालूबाई ओट्यावर लसूण सोलत होती.

"या साहेब. टाइम घेतला होता का?"

"ताई, ओवाळतेस का?"

"भावाला ओवाळते बावा. कोटाला नाही."

त्यानं माझी बटणं सोडली. मला कुंपणावर टाकलं. खाली विटका शर्ट, अन् त्यात नुसती हाडं.

"काय रे हे! दिल्लीत जेवायला देत नव्हते का?" तिनं त्याला हाताला धरून घरात नेलं.

मग घरातून रडणं ऐकू आलं. मोठ्यानं, लहान पोरासारखं. इतकी वर्षं हा माणूस माझ्या आत होता, अन् मला त्याचा आवाजच ठाऊक नव्हता.

तो निघताना तिनं विचारलं, "कोट रे?"

"राहू दे," म्हणाला. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आता मी मालूबाईच्या ज्वारीतलं बुजगावणं आहे. आत काड्या, वर मडकं. पाखरं येतात, मला बघून दुरूनच फिरतात. इथंही काम तेच. बांधावरून जाणाऱ्यांनो, एवढं करा, माझं वरचं बटण कुणीतरी सोडा. एखाद्या चिमणीला तरी आत येऊ दे.