पडद्यावरची नर्स काय म्हणाली

आबिदा बाकावर चढली आणि पडद्याकडे बोट करून ओरडली, “खोटं! तसं लिहिलेलंच नाही!”

पेटीवाल्याचा हात थांबला. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या आल्या. कुणीतरी शेंगांची टरफलं भिरकावली, ती जनान्याच्या कापडी आडोशाला लागून खाली पडली.

लंकाबाईंनी तिची ओढणी धरून तिला खाली ओढलं. “बस की गं! समद्या रडत्यात, आन तू भांडती.”

खरंच सगळ्या रडत होत्या. पडद्यावर पांढऱ्या टोपीतली गोरी नर्स पाच डॉक्टरांपुढं उभी होती. मोठ्या डॉक्टरनं चुकीचं औषध द्यायला सांगितलं, रोगी दगावला आणि आळ हिच्यावर आला होता. तिचे ओठ हलले, मग इंग्रजी अक्षरं आली. मुंबईला म्हणे पडदा बोलायला लागला होता. नाशकात अजून गोटीरामकाकाच बोलायचे. पडद्याशेजारी छडी घेऊन उभे राहायचे आणि पडद्यावर कोण काय म्हणतंय ते सगळ्या थेटराला ऐकू जाईल असं सांगायचे. आताही त्यांनी छातीवर हात मारून सांगितलं होतं, “ती म्हणते, साहेब, चूक माझीच! त्या देवमाणसाला बोल लावू नका!”

आणि आबिदानं वाचलं होतं, ‘द डॉक्टर ऑर्डर्ड इट.’ डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

इंग्रजी तिसरीत बाईंच्या टेबलावर पाटी आपटून ती शाळेतून जी निघाली ती परत गेली नाही. पण एवढं तिला वाचता येत होतं. ओरडण्याच्या नादात खालची ओळ मात्र निघून गेली.

खेळ सुटला तेव्हा गोटीरामकाका दाराशी बशीत चहा ओतून पीत होते. आबिदा थेट त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“काका, तिनं काही कबूल केलं नाही. डॉक्टरनं सांगितलं म्हणून दिलं, असं म्हणाली ती.”

“बोंबलणारी तूच होय?” काकांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “पहिल्या दिवशी मीही तेच सांगितलं. पोस्टातल्या बाबूकडून सगळं वाचून घेतलं होतं. लोकांनी टरफलं मारली. म्हणे, नर्स असून डॉक्टरला उलटून बोलते? दुसऱ्या दिवसापासून मी तिला कबूल करायला लावलं. आता बघ, बायका पदर पिळत बाहेर पडतात.”

“पण ती तसं म्हणालीच नाही!”

“ती कुठं नाशकात ऐकायला येतीय?”

आबिदा आणखीच चिडली. “मग त्याच्या खालची ओळ काय आहे?”

“ते आता कोणाच्या ध्यानात आहे?” काकांनी बशी पालथी केली.

दोघी मेनरोडनं दवाखान्याकडे निघाल्या. लंकाबाई मूळच्या विंचूरच्या, नवरा गेल्यापासून नऊ वर्षं बायकांच्या वॉर्डात आया. आबिदा तिथंच नर्सिंग शिकत होती. रविवारची दुपार सुट्टीची, आणि नर्सचा खेळ लागलाय म्हटल्यावर दोघींनाही राहवलं नव्हतं.

“म्या ठरवलंय,” लंकाबाई म्हणाल्या. “उद्या हापिसात बोलावलंय ना, तशीच हात बांधून हुभी ऱ्हाईन. म्हणीन, चूक माझी. तिलाबी शेवटाला माफ केलंच की. डॉक्टरनं वर लगीनबी केलं.”

“तुमच्याशी करणारेत का आपले डॉक्टरसाहेब?”

“मेली! जीभ हाय का कातर!” लंकाबाई हसल्या, पण त्यांचं हसू पुढच्या दुकानापर्यंतही टिकलं नाही.

बुधवारी कुसाबाई नावाच्या पोरीला ऑपरेशन करून आणलं होतं. क्लोरोफॉर्मची गुंगी उतरलेली नव्हती, पाय गारठले होते. लंकाबाईंनी रबरी पिशवीत गरम पाणी भरलं. पिशवीला घालायच्या फ्लॅनेलच्या खोळी धुवायला गेल्या होत्या. “साहेब, खोळ नाय,” त्या म्हणाल्या. डॉक्टर हात पुसत होते. “ठेव तशीच,” ते म्हणाले. कुसाबाई शुद्धीवर आली ती किंचाळतच. टाचेवर तळहाताएवढा फोड. बोल लंकाबाईंवर आला.

आबिदा तेव्हा कॉटच्या उशाशी नाडी मोजत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.

भद्रकालीच्या वळणावर लंकाबाई थांबल्या. “आबिदा, खरंच काय म्हणली गं ती?”

“डॉक्टरनंच सांगितलं होतं, असं.”

“आस्सं? पाच जणांम्होरं? मग तिला काढली का?”

“पुढचं वाचायचं राहिलं.”

“मग वाचायचं की आदी! वरडायची काय घाई व्हती?”

सोमवारी दहा वाजता दोघी हापिसात उभ्या राहिल्या; आबिदालाही डॉक्टरसाहेबांनी बोलावून घेतलं होतं. मेट्रनबाईंना विलायतेहून येऊन चारच महिने झाले होते. मराठीत त्यांना ‘पाणी’ आणि ‘लवकर’ एवढंच यायचं. टेबलावर टाइप केलेला कागद होता, शेजारी शाईची डबी. डॉक्टरसाहेब खिडकीशी होते.

“आबिदा, हिला समजावून सांग,” डॉक्टर म्हणाले. “म्हणावं, रजेचा कागद आहे, अंगठा कर. तुझं ऐकते ती.” मग आवाज खाली आणून, “तुझी परीक्षा तीन महिन्यांवर आली ना?”

लंकाबाईंनी ते ऐकलं नसावं. त्या कालच्या नर्ससारख्या हात बांधून ताठ उभ्या होत्या. डबीकडे बोट दाखवल्यावर त्यांनी निमूटपणे अंगठा शाईत बुडवला.

आबिदानं कागद उचलला. ओळीखाली बोट धरून वाचायला लागली. काही शब्द लागले, काही नाहीत. एका ओळीवर बोट थांबलं, मागं गेलं, पुन्हा पुढं आलं. अब्बांनी तिला नर्सिंगला पाठवलं तेव्हा सगळी गल्ली हसली होती. ते तिला आत्ताच का आठवावं, कोण जाणे.

“सांग ना,” डॉक्टर म्हणाले.

“मावशी,” आबिदा म्हणाली, “हा रजेचा कागद नाही. तुम्ही कुणाला न विचारता पिशवी ठेवली, चूक एकट्या तुमची, म्हणून आजपासून कामावरून काढलं, असं लिहिलंय.”

“आबिदा!”

लंकाबाईंचा अंगठा कागदापासून वीतभर अंतरावर होता. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरून नीट पाहिला. मग हात डोक्याकडे नेला आणि शाई केसांना पुसून टाकली.

“म्या तर इचारलं व्हतं,” त्या डॉक्टरांकडे न बघता म्हणाल्या. “तू व्हतीस की तिथं. या बाईंना सांग, काय झालं ते.”

मेट्रनबाईंना शब्द कळले नव्हते. पुसलेला अंगठा दिसला होता. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग आबिदाकडे. “व्हॉट डज शी से?”

परीक्षेसाठी आबिदानं इंग्रजीतून हाडांची नावं पाठ केली होती, औषधांची मापं पाठ केली होती. असलं काही सांगायला तिच्याजवळ एकच वाक्य तयार होतं, तेही कालच मिळालेलं. डॉक्टरांच्या बुटांवर नजर ठेवून तिनं ते म्हटलं.

“द डॉक्टर ऑर्डर्ड इट.”

डॉक्टर भराभर काहीतरी बोलायला लागले. मेट्रनबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आबिदाला काहीतरी विचारलं. लांब वाक्य होतं; काय झालं ते सांग, एवढं तिला कळलं.

पुढची ओळ आबिदाला माहीत नव्हती. ती शब्द जुळवत राहिली, एक धरला, सोडला, दुसरा धरला. मेट्रनबाई खुर्ची पुढं ओढून थांबल्या.