वरचा वजनगट

माझ्या नवऱ्याचे दोन वाढदिवस आहेत. खरा जानेवारीतला, आणि पासपोर्टवरचा त्याच्या आधीच्या एक जूनचा. यशोधनचं मिरजेत शाळेत नाव घालताना त्याच्या वडिलांनी जन्मतारीख मागे ढकलली, का तर पोराचं वर्ष वाया जाऊ नये. आइंडहोवनच्या ऑफिसात तो एक जूनला केक घेऊन जातो, कारण इथे डच लोकांत ज्याचा वाढदिवस त्यानेच केक न्यायचा असतो. मग घरी येऊन सांगतो, मी वर्गात सगळ्यांत लहान होतो आणि नंबर माझा पहिला असायचा. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मला पाठ झालंय. आता ते ऐकलं की हातातलं भांडं फेकून मारावंसं वाटतं.

आमची अवनी सतरा वर्षांची. आम्ही राहतो त्या न्यूनेनमध्ये संध्याकाळी कुत्री फिरवणारी माणसं सोडली तर काही हलत नाही, आणि अशा गावात हिला बॉक्सिंगचं वेड लागलं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण तिचे पाय कळायचे. समोरचीचा ठोसा यायच्या आत ही तिथून निघून गेलेली असायची. तिची ट्रेनर मार्लूस म्हणायची, असे पाय शिकवून येत नाहीत. मी वरवर कुरकुर करायचे आणि मनातून सुखावायचे.

अडचण होती ती जोडीची. अवनी चोपन्न किलोखालच्या गटातली, आणि इथल्या मुली उंच, हाडापेराने दणकट. त्या वर्षी ज्युनियरच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिच्या गटात दुसऱ्या कुणी नावच दिलं नाही. गट रद्द झाला.

मार्लूस मुद्दाम घरी आली. स्वयंपाकघरात बसून कॉफी घेता घेता म्हणाली, "थांबू या. शरदात बेल्जियममध्ये स्पर्धा आहे, तिथे हिच्या वजनाच्या मुली येतात."

"पण पुढच्या वर्षी ही मोठ्यांच्यात जाणार," यशोधन म्हणाला. "म्हणजे ज्युनियरचं हे वर्ष फुकट. त्यापेक्षा वरच्या गटात खेळू दे. स्किल आहे की तिच्याकडे."

"वरच्या गटात झूटरमेरची एक मुलगी आहे," मार्लूस म्हणाली. "ती नुसती मोठी नाही, तिला बॉक्सिंगही येतं. मुळात ती साठ किलोची, वजन उतरवून सत्तावन्नच्या गटात येते. अवनीचा ठोसा लागला तर तिला दुखेल. तिचा ठोसा लागला तर अवनी जागची हलेल."

आणि नियम असा की त्या गटात शिरायला चोपन्नच्या वर भरावं लागतं. अवनी भरत नव्हती. "काट्यावर भरली तर मी अडवणार नाही," असं म्हणून मार्लूस सायकलवर बसून गेली. भरणार नाही याची तिला खात्री होती.

ती गेल्यावर आमची जुंपली. यशोधनचं सुरू झालं, "साइजचं काय एवढं? मी नाही का वर्गात सगळ्यांत..."

"तू बाकावर बसला होतास," मी म्हटलं. "तिथे तुला कुणी ठोसे मारत नव्हतं."

"मृदुला, तुला प्रत्येक गोष्टीत भीतीच दिसते."

"आई, आय ॲम फास्टर," अवनी म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये नाहीतर डचमध्ये. दोघं एका बाजूला झाली म्हटल्यावर मी काय करणार, कपाळ?

स्पर्धा झूटरमेरलाच होती. वजन सकाळी, लढत दुपारी. गाडीत यशोधनने तिला डबाभर पोहे चारले, वर केळी, आणि पाण्याच्या बाटल्या एकामागून एक. पोरीचं पोट टम्म फुगलं. तरी काट्याच्या रांगेत तिने पुन्हा हात पुढे केला आणि हसत हसत चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, पाणी दे. कमी भरतंय." त्याने बाटली दिली. शेजारच्या रांगेत ती झूटरमेरची मुलगी उभी होती. तिचे ओठ तहानेने फुटले होते, कारण तिने तेच पाणी आठवडाभर अंगातून काढलं होतं.

काट्याने दोघींनाही चालवून घेतलं. मग अवनी बाथरूमला जाऊन आली आणि होती तेवढी झाली. दुसरीने दुपारपर्यंत पोटभर खाल्लं-प्यायलं आणि तीही होती तेवढी झाली. मार्लूसने अवनीला एकदा वर-खाली न्याहाळलं, मग यशोधनकडे बघितलं.

पहिली फेरी अवनीची होती, यात वाद नाही. ती मुलगी हवेत ठोसे मारत होती आणि ही बाजूने टिपत होती. यशोधनने माझा हात दाबला. "बघ. साइज म्हणे." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या फेरीत त्या मुलीने पाठलाग करणं सोडलं. हिला कोपऱ्यात घेतलं आणि सरळ अंगावर रेलली, मानेवर सगळा भार टाकून. पंच सोडवायचा, ती पुन्हा रेलायची. अवनीचे पाय जड झाले. इतक्या वर्षांत मी ते पाय थांबलेले पाहिले नव्हते. मग एकच ठोसा आला. अवनी पडली, उठली, आमच्याकडे बघितलं आणि गुडघ्यांतून खाली गेली. तिथून तिला ॲम्ब्युलन्सने द हेगच्या हॉस्पिटलात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

आता ती चालते, डावा पाय ओढत. बोलते. वाचलेलं डोक्यात राहत नाही, आणि मधूनच आज कुठला दिवस, आपण कुठे आलोय, हे निसटतं. शाळेतल्या बाईंनी हळूच सांगितलं, यंदा परीक्षा नको, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. 'वर्ष' म्हटल्यावर मी यशोधनकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. या एक जूनला त्याने केक नेला नाही. लोक विचारतात तेव्हा मी अपघात झाला म्हणते. अपघात कसला? मी त्याला माफ केलेलं नाही, आणि ते त्याला माहीत आहे.

परवा पुनर्वसन केंद्रात गेलो होतो. पोरगी खात नाही, म्हणून तिचं वजन करायचं होतं. नर्सने काटा दाखवला. अवनीने आपणहून बूट काढले, काट्याजवळ उभी राहिली आणि यशोधनकडे हात केला.

"बाबा, पाणी दे. कमी भरतंय."

यशोधनचा हात सवयीने पिशवीत गेला. बाटली बाहेर आली आणि हात तिथेच थांबला. नर्स मला विचारत होती, काय म्हणतेय ही? मी त्याच्या हातातून बाटली काढून घेतली.

"नको ग पिऊस," मी म्हटलं. "आहेस तेवढीच उभी राहा."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाबाकडे. डोळे भरून आले तिचे. "मग मला घेणार नाहीत."

"नाही घेणार, बाळा," यशोधन म्हणाला. "आपण थांबू."

मार्लूसने आमच्या स्वयंपाकघरात बसून एवढंच सांगितलं होतं.